निळ्या कापडातली तबकडी

१

मी लोकांचे कान तपासतो. रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक बंद खोली आहे, भिंतींना जाड स्पंज लावलेला. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेच्या अलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की बोट वर करा, एवढंच सांगायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. दिवसभर असे जेमतेम आवाज सोडून घरी आलं की मला भरघोस काहीतरी लागतं. म्हणून रेकॉर्डी.

साडेचारशे आहेत. बायको म्हणते, "एक तर त्यांना दुसरं घर घेऊन द्या, नाहीतर मला." पण ती म्हणते एवढंच. ती बाइंडर आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मोठं टेबल, त्यावर पुठ्ठे, कापडाचे तुकडे, खळीचं भांडं, घड्या दाबायची हाडाची पट्टी. माझ्या फाटक्या कव्हरांना ती नवं अंग देते. मला आतलं लागतं, तिला बाहेरचं, त्यामुळे आमचं एका रेकॉर्डवर कधी भांडण झालं नाही.

रविवारी सकाळी मी मऊ ब्रशनं रेकॉर्डी धुतो, ती टेबलाशी काम करते, आणि अकराला मुलीचा फोन येतो. मुलीला आम्ही बुटकी म्हणतो. आता ती आमच्या दोघांपेक्षा वीतभर उंच आहे, दुसऱ्या शहरात नांदतेय आणि तिला सातवा महिना लागला होता. मायलेकी तासभर बोलायच्या. मी गाणं बारीक करून बसायचो. मला त्यांचं बोलणं ऐकू येत असे, पण मी ऐकत नसे. आता वाटतं, ऐकायला हवं होतं.

२

एका निवृत्त शिक्षिकेनं नवऱ्याचा संग्रह विकायला काढला होता. जाहिरात वाचून आम्ही दोघंही गेलो. बाईंनी सगळं जमिनीवर ओळीनं मांडून ठेवलं होतं. मी चार रेकॉर्डी निवडल्या. बायकोनं ढिगाच्या तळातून पाचवी काढली.

गडद निळं कापड. आत पातळ लाकडाच्या फळ्या, कडा तासून गोल केलेल्या. शिवण उघडी ठेवलेली, पण टाका न् टाका सारखा. वर नाव नाही, चित्र नाही, नुसती एकात एक वर्तुळं दाबून उठवलेली, शाई न लावता. बायकोनं डोळे मिटून त्यांच्यावरून बोट फिरवलं. चांगलं काम हातात आलं की ती असंच करते.

"हे दुकानासाठी केलेलं नाही," ती म्हणाली. "एका माणसानं एका माणसासाठी केलंय."

"आमच्या ह्यांनी केलंय," बाई म्हणाल्या. "कव्हरासाठी हवं तर न्या. आत काही नाही."

मी तबकडी बाहेर काढली. लेबल नव्हतं. रेघा यंत्रावर एकेक करून कोरलेल्या, पण झिजून पांढुरक्या पडलेल्या. इतकी झिजलेली रेकॉर्ड मी कधी पाहिली नव्हती.

"वाजवू नका हं," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "सुई खराब होईल तुमची."

आतल्या खोलीत खिडकीपाशी त्यांचे यजमान पाठमोरे बसले होते. "ते बोलत नाहीत," बाईंनी मी न विचारताच सांगितलं. तेवढ्यात त्यांच्या हातून किल्ल्या पडल्या आणि यजमान चटकन वळले. मी सवयीनं मनात नोंद केली: कान ठणठणीत. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं आणि ते बोलू लागले. चांगलं लांबलचक बोलले. ओठ नीट हलत होते, जीभ दाताला लागत होती, आवाज मात्र नव्हता. श्वासाचासुद्धा नव्हता. बाईंनी दार ओढून घेतलं.

घशाचं ऑपरेशन झालं असणार, असं मी बायकोला जिन्यात सांगितलं. ती कव्हर छातीशी धरून उतरत होती, तिचं लक्ष नव्हतं.

३

वाजवू नका म्हटल्यावर न वाजवणारा रेकॉर्डवाला मला तरी माहीत नाही. त्याच रविवारी लावली.

काहीच आलं नाही. गाणं नाही हे ठीक होतं, पण खरखरही नाही. झिजलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवली की तळल्यासारखा आवाज यायलाच हवा. इथे माझ्या स्पंजाच्या खोलीत असते तशी शांतता होती, कानांवर किंचित दाब आणणारी.

"काय ऐकताय मेलं इतकं मन लावून?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"मग बंद करा की. वीज जळतेय."

पुढच्या रविवारी पुन्हा लावली. दोनेक मिनिटांनी एक दार करकरलं. मी स्वयंपाकघराकडे बघितलं, दार बंद होतं. पण करकर आमच्याच दाराची होती, आधी बारीक, मध्ये एक अडखळा, मग लांब. वीस वर्षं ऐकलेली. दोघंही हसलो. लाकूड लाकडासारखंच वाजणार, मी म्हटलं.

मंगळवारी बायको म्हणाली, "बरं झालं बाई, दाराला तेल घातलंत एकदाचं."

"मी? मला वाटलं तू घातलंस."

"मी कशाला घालू? मी सांगून सांगून थकले होते."

मी उठलो, दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बिजागऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. आवाज नव्हता.

४

नंतर न्हाणीघरातला नळ. मग भिंतीवरचं घड्याळ. काटे फिरत होते, वेळ बरोबर होती, टिकटिक नव्हती. टिकटिक निळ्या कापडातल्या तबकडीवर होती.

मी शहाणा माणूस आहे. पहिल्यांदा स्वतःचे कान तपासले. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याला काचेपलीकडे बसवलं आणि स्वतः आत जाऊन बसलो. आलेख हातात देताना तो म्हणाला, "विशीतल्या पोराचे कान आहेत तुमचे." म्हणजे दोष माझा नव्हता. मग योगायोग म्हणावा, तर किती?

"इतका त्रास होतोय तर ठेवून द्या ना ती," बायको म्हणाली.

तेव्हा ठेवून द्यायला हवी होती. पण मला खात्री करून घ्यायची होती, आणि खात्री करायची तर पुन्हा वाजवावी लागत होती. प्रत्येक वेळी मी गप्प बसून ऐकायचो, श्वाससुद्धा जपून घ्यायचो. ती मात्र आपल्या कामात असायची, कापायची, ठोकायची, गुणगुणायची, उठून आत-बाहेर करायची.

एका सकाळी खांद्यावर हात पडला आणि मी दचकून उभा राहिलो. तीच होती. पायात तिच्या त्या फटफट वाजणाऱ्या सपाता होत्या, आणि ती पूर्ण खोली ओलांडून माझ्यामागे येऊन उभी राहिली होती.

"घाबरलात काय असे?"

सपातांची फटफट मी आदल्या दिवशी ऐकली होती, रेकॉर्डवर.

त्यानंतरही मी ती दोनदा वाजवली. हे लपवून उपयोग नाही. नवव्या वेळी तिच्यातून आवाज आला, अगदी स्वच्छ, "अहो, चहा घेणार का?"

"हो," मी वळून म्हटलं.

बायको दारात उभी होती. हातात कप. ओठ हलत होते. मग ते थांबले, पुन्हा हलले, आणि तिनं मोकळा हात हळूहळू गळ्याकडे नेला.

५

आमच्याच रुग्णालयातल्या घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नळी घालून पडद्यावर सगळं दाखवलं. स्वरतंतू छान हलत होते. "वहिनी, आऽ म्हणा." तंतू थरथरले. खोलीत काही ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी दोनदा चष्मा पुसला आणि म्हणाले, "मनावर काही ताण आहे का?"

ती वहीत लिहू लागली. अक्षर तिचं सुंदर आहे. पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, "भाजीवाल्याशी घासाघीस कशी करू आता?" मी हसलो. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "मी रडले तर तुम्हाला कळत नाही."

ती पुठ्ठा कापायची, सुरी सरकताना दिसायची. टेबलाशी ती आहे की नाही हे मान वळवूनच कळायचं. मी दर दोन मिनिटांनी मान वळवायला लागलो.

रविवारी अकराला फोन आला.

"बाबा, आईला द्या."

"घसा बसलाय तिचा. बोलायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

पहिल्या रविवारी चाललं, दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, खरं सांगा. आई चिडलीय का माझ्यावर? मी बाळंतपणाला तिकडे येत नाही म्हणाले म्हणून?"

"छे गं! ती इथेच बसलीय, ऐकतेय. ती म्हणतेय की..."

"तुम्ही नका सांगू. तिला म्हणू दे. एक शब्द म्हणू दे, कुजबुजून का होईना." मग ती रडायला लागली. "मला भीती वाटते हो बाबा. बाकी कुणाशी बोलून जात नाही ती. आईच लागते."

बायको फोनकडे वाकून बोलत होती. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, म्हणजे ती ओरडत होती. घरात फक्त मुलीचे हुंदके ऐकू येत होते.

फोन ठेवल्यावर तिनं वहीत लिहिलं, "माझा आवाज आहे ना त्यात? मग तिला ऐकवू."

"नाही," मी म्हटलं. "ती आता वाजवायची नाही."

६

अर्धी रजा टाकून मी त्या बाईंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघूनच बाजूला झाल्या.

"वाजवलीत."

"काय आहे ते?"

"मला माहीत नाही. आमच्या ह्यांनी हातानं केली, मला द्यायला म्हणून. काय घातलं तिच्यात, कुणाकडून शिकले, मला ठाऊक नाही. खोटं सांगत नाही मी." त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. "तुमच्याकडे कुणाचं गेलं?"

"बायकोचा आवाज."

त्यांनी डोळे मिटले. "त्या कव्हरावरून हात फिरवत होत्या त्या."

"परत कसा आणायचा? तुम्ही काहीतरी केलं असेल ना?"

"मी काय केलं सांगू? मी ऐकलं. रोज ऐकलं. सकाळी त्यांचं खाकरणं, मला मारलेली हाक, पेपर वाचून दाखवलेला. जे घरात उरलं नव्हतं ते तिथे होतं, मग काय करणार? पहिल्यांदा हाक स्पष्ट होती. मग जरा घोगरी झाली. मग नुसता शेवट ऐकू यायचा. तुम्ही रेकॉर्डवाले आहात, सुई काय करते ते मी तुम्हाला काय सांगू? ऐकून ऐकून संपवले मी त्यांना. तुम्ही नेलीत तेव्हा ती कोरी होती. मला वाटलं, कोरी म्हणजे आता निव्वळ लाकूड आणि कापड."

"आणि ते? यजमान?"

बाई आतल्या खोलीच्या दाराकडे बघू लागल्या. दार उघडं होतं. खिडकीपाशी कुणी नव्हतं.

"मी ताट ठेवते आत," त्या म्हणाल्या. "थोड्या वेळानं बघितलं तर रिकामं असतं. तेवढंच कळतं मला."

मी उभाच होतो, आणखी मागे सरलो. दाराच्या फटीतून जमिनीवर ठेवलेली एक वाटी दिसत होती. तिच्यातला चमचा आपोआप कडेला टेकला. आवाज झाला नाही.

"फोडू नका ती," बाई माझ्यामागे म्हणाल्या. "मी एकदा हातोडी उचलली होती. ते धावत आले आणि माझ्या पायांवर पडले. तेव्हा दिसायचे."

७

घरी येऊन मी तबकडी कव्हरासकट लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पाकिटात घातली. टेप करून घ्यावं असं मनात आलं होतं, पण त्यासाठीही ती फिरवावी लागली असती.

"काय म्हणाल्या बाई?" बायकोनं लिहून विचारलं.

"वाजवली की झिजते म्हणाल्या. झिजली की आवाज कायमचा गेला."

हे अर्धं होतं. ताटाचं मी सांगितलं नाही. कसं सांगणार? ती माझ्यासमोर धडधडीत बसली होती, नखात खळ अडकलेली, केसांना कागदाचा कपटा चिकटलेला. मी तो कपटा काढला. तिनं माझा हात धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं लिहिलं, "झिजला तर झिजला. पोरीला एकदा ऐकू दे. नाहीतर ठेवून काय करायचाय?"

"नाही म्हटलं ना!"

मी ओरडलो तिच्यावर. एकोणतीस वर्षांत बहुधा चौथ्यांदा. ती परत ओरडली असेल तर मला कळलं नाही.

८

बुधवारी रुग्णालयातल्या आमच्या खोलीचं मशीन बिघडलं आणि मी दुपारी तीनलाच घरी निघालो. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तिचा आवाज आला.

"कात्री कुठे ठेवलीत हो?"

काय सांगू, मला त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. परत आला! मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो, दार ढकललं.

कपाटाचं कुलूप तसंच होतं. तिनं कपाट पुढे ओढून मागचा पत्रा एकेक खिळा उपसून काढला होता, खिळे टेबलावर नीट ओळीत ठेवलेले. टर्नटेबल फिरत होतं. ती शेल्फापाशी उभी होती, उजवीकडे स्पीकर आणि डाव्या हातात फोन, स्पीकरकडे धरलेला. गाल ओले होते आणि ती हसत होती.

"अगं आई!" फोनमधून मुलगी म्हणत होती. "किती दिवसांनी! घसा किती घोगरा झालाय तुझा."

"बुटके, जेवलीस का?" स्पीकर म्हणाला.

"जेवले गं. आता कुठे जेवण जातंय. बाळ नुसतं लाथा मारतं."

मी दारातच थांबलो. तिचा तो चेहरा बघून माझ्यानं पुढे जाववलं नाही. कितीशी मिनिटं असतील ती, दोन, तीन? तेवढी दिली मी तिला. तेवढीच नको होती द्यायला.

आवाज कुठल्या बाजूनं येतो हे ओळखण्यात माझा जन्म गेला. "डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे," हे डावीकडून आलं, फोनमधून. "आई, तू येशील ना माझ्याकडे?" हे मधूनच कुठूनतरी आलं. आणि "आई? ऐकतेयस ना?" हे उजवीकडून आलं.

फोन गप्प होता.

"आई?" स्पीकर मुलीच्या आवाजात म्हणाला. "आई, तुला ऐकू येतेय का मी... आई?"

बायकोचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. मी झेप घेतली. पण सुईपर्यंत हात पोहोचायच्या आधी मला आणखी काहीतरी ऐकू आलं, मुलीच्या आवाजाच्या मागे, अगदी खोल. माझ्यासारख्या कानांनाच लागेल इतकं बारीक. टकटकटकटक, घड्याळाच्या दुप्पट वेगानं, पाण्याखालून आल्यासारखं.

मी सुई उचलली.

फोनमध्ये काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि जावयाचा आवाज आला. "बाबा? तुम्ही आहात का? अहो, ही बोलता बोलता थांबली. म्हणजे बोलतेय ती, ओठ हलतायत, पण..."

"तिला दवाखान्यात ने," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. बाळाचे ठोके बघायला सांग."

"ठोके? पण हिचा घसा..."

"मी सांगतो ते कर!"

९

पावणेपाचला फोन आला. मधला दीड तास आम्ही दोघं टेबलाशी बसून होतो. तबकडी समोर होती. तिला कव्हरात घालायचं माझ्या हाताला होईना, आणि बायकोनं तर हात मांडीखाली दाबून धरले होते. मी दर थोड्या वेळानं तिच्याकडे बघत होतो, ती दिसतेय ना एवढ्यासाठी. खिडकीतलं ऊन तिच्या खांद्यावर पडलं होतं. टेबलावर सावली मला फक्त माझीच दिसत होती. ऊन तिरपं होतं, तिची मागे पडली असेल. मी उठून बघितलं नाही.

फोन मी कानाला लावला, स्पीकर चालू केला नाही.

"बाबा, काळजीचं कारण नाही," जावई म्हणाला. धापा टाकत होता तो. "सोनोग्राफी केली. मी स्वतः बघितलं पडद्यावर. हातपाय हलवतंय, अंगठा चोखतंय. ठोके दिसतायत. अगदी नीट दिसतायत, डॉक्टरांनी मोजले पण."

"दिसतायत," मी म्हटलं.

"हो. ते ऐकवतात ना, तो आवाज तेवढा येत नाहीये. मशीन बिघडलंय म्हणतात. दोन मशीनं झाली. आता तिसरं आणायला गेलेत."

बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं वही पुढे ओढली आणि पेन्सिल धरून बसली.

"बाळ छान आहे," मी तिला म्हटलं.

आणि फोनमध्ये म्हटलं, "आणू दे. मी थांबतो."